मरीआईचा गाडा शिवेपार लोटू नका : आपल्या ग्रामपंचायतीला खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य,
ग्रामपंचायत अधिकारी, पाणीपुरवठा समिती
आणि आपला जलसुरक्षक

विषय : गेल्या महिन्यातली जुलाबाची साथ आणि ग्रामपंचायतीने फळ्यावर लिहिलेलं तिचं कारण

सप्रेम नमस्कार.

फळ्यावर लावलेला कागद मी दोनदा वाचला. एकदा तसाच, एकदा चष्मा पुसून. "हवामानातील बदल व पालखी सोहळ्यातील गर्दी यामुळे काही ग्रामस्थांना पोटाचा त्रास झाला. सध्या परिस्थिती नियंत्रणात आहे." खाली सही, शिक्का. कागद नीट टाइप केलाय, शुद्धलेखनाची चूकही सापडली नाही. कारण तेवढं चुकलंय.

मी एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते, त्यातली शेवटची एकोणीस आपल्याच उपकेंद्रात. सरपंचताईंच्या दोन्ही बाळंतपणांच्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत. सदस्यांपैकी दोघांना मी पोलिओचे थेंब पाजलेत आणि त्यातल्या एकाने तेव्हा माझं बोट चावलं होतं, तो कोण हे इथे सांगत नाही. म्हणून हे पत्र थोडं घरच्यासारखं आणि थोडं कडक असेल. उघड लिहितेय, कारण तोंडी सांगितलेलं आपल्याकडे चहाच्या कपाबरोबर धुतलं जातं.

आधी पालखीचं बोलू. माउलींची पालखी आपल्या वेशीवरून पुढे गेली आणि त्यानंतर अठराव्या दिवशी खालच्या आळीत पहिलं माणूस आजारी पडलं. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू पोटात गेला की काही तासांत, फार तर पाच दिवसांत ढाळ सुरू होतात. रोटाव्हायरसला साधारण दोन दिवस लागतात. ई-कोलायची जी जात पाण्यासारखे जुलाब लावते, तिला एक ते तीन दिवस पुरतात. जिआर्डियासारखा एखादा सावकाश परजीवी दोन-तीन आठवडे घेतो खरा, पण तो एका रात्रीत अख्खी आळी आडवी करत नाही. आपल्याकडे पहिल्या रात्रीनंतर दोन दिवसांत घराघरात बादल्या लागल्या. तोवर वारकरी पंढरपूर करून आपापल्या गावी परतलेसुद्धा होते. त्यांच्या माथी हे मारताना निदान दिवस तरी मोजायचे.

उलट मी तर म्हणेन, वर्षभरात आपल्या गावाचं पाणी सगळ्यात चांगलं असतं ते पालखीच्या दिवसांत. जिल्ह्याहून पथकं येतात. प्रत्येक विहिरीत, प्रत्येक टँकरमध्ये टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडतं. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं करणाऱ्या औषधाची, ओटीची, बाटली घेऊन पोरं तोट्यातोट्यांवर फिरतात, हॉटेलवाल्यांच्या पिंपात डोकावतात. गटारी उपसल्या जातात, व्हॉल्व्हचे खड्डे कोरडे केले जातात. एका काळी पंढरीची वाट आणि पटकी ही जोडीच होती, म्हणून ही सगळी व्यवस्था उभी राहिली आणि ती चालते. पालखी गेली की ओटीची बाटली कपाटात जाते. आपल्या लेकरांना ते पाणी वर्षातले चारच दिवस मिळतं, हे मला खटकतं.

आता हवामान. हवामान कुणाच्या आतड्यात शिरत नाही. पावसाने उकिरड्यावरचं वाहून आणलं, उन्हाळ्यात शिळ्या अन्नात जंतू भराभर वाढले, माशा झाल्या, एवढं हवामान करतं. पण पावसाचं पाणी नळात शिरायला नळाला भोक लागतं आणि ते आभाळातून पडत नाही.

माझी आजी मरीआईच्या गाड्याची गोष्ट सांगायची. गावात पटकी आली की लाकडाचा छोटा गाडा करायचा, त्याला लिंबाचा पाला बांधायचा, त्यावर मरीआई बसवायची, दहीभात, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू ठेवायचं आणि हलगी वाजवत तो शिवेपर्यंत न्यायचा. शीव ओलांडली की परत मागे बघायचं नाही. पुढच्या गावाने तो आणखी पुढे लोटायचा. माझ्या मनात त्या लोकांबद्दल राग नाही. त्यांना जंतू माहीत नव्हता, औषध नव्हतं, एका घरातून चार तिरड्या उठत होत्या. रोग गावोगाव चालत येतो एवढं मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आपल्याला सगळं माहीत आहे, तरी फळ्यावरचा तो कागद म्हणजे गाडाच आहे. पालखीवर लोटला, पावसावर लोटला, शिवेपार गेला. मागे बघायचं नाही.

मी मागे बघितलं. सवय जात नाही. जुनी शंभर पानी वही काढली आणि घरं लिहीत गेले.

साथ आली की "काय खाल्लं होतं?" हा प्रश्न सगळे विचारतात. आम्हाला शिकवलं होतं ते वेगळं : आजारी कोण पडलं नाही, ते आधी विचारा. वरच्या आळीला आणि खालच्या आळीला पाणी एकाच टाकीचं. वरच्या आळीत जवळजवळ कुणी आजारी नाही. म्हणजे टाकी सुटली. खालच्या आळीत देवळाच्या मागच्या व्हॉल्व्हपासून पुढे घरटी माणूस झोपलेलं. मधली तीन घरं मात्र ठणठणीत, अगदी तान्ह्या पोरासकट. त्या तीन घरांत काय वेगळं? त्यांचा मिळून स्वतःचा बोअर आहे, ते नळाचं पाणी फक्त धुण्याला घेतात. माझी वही तिथेच मिटली असती तरी चाललं असतं.

त्या व्हॉल्व्हपाशी काय आहे ते तुम्हालाही माहीत आहे. ज्येष्ठात केबलसाठी खोदताना जेसीबीचा दात लागून पाइप फुटला. तो नीट जोडायच्या ऐवजी त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली आणि वरून माती लोटली. शेजारून गटार जाते. त्या गटारीला वरच्या चार घरांच्या संडासाच्या टाक्यांचं पाणी सोडलेलं आहे, कारण शोषखड्डा घ्यायला कुणाला जागा नव्हती आणि अंदाजपत्रकातही तो नव्हता. पाऊस लागला, गटार तुंबली, व्हॉल्व्हचा खड्डा भरला.

आता कुणी म्हणेल, पाइपातून पाणी जोरात बाहेर येतं, गटारीचं आत कसं जाईल? पाणी चालू असताना जात नाही. पण आपल्याकडे पाणी सकाळी पाऊण तास सुटतं. उरलेले तेवीस तास पाइप रिकामा. व्हॉल्व्ह बंद केला की पाइपातलं पाणी उताराने खाली सरकतं आणि मागे पोकळी होते. ती पोकळी जिथे भोक असेल तिथून बाहेरचं ओढून घेते. त्यात खालच्या आळीत दाब कमी, म्हणून घराघरांत मोटारी. मोटार लावली की ती टाकीकडून जेवढं ओढते तेवढंच गटारीकडूनही ओढते. आणखी एक गोष्ट, जी कुणी कागदावर लिहीत नाही : दाब नाही म्हणून अर्ध्या घरांनी अंगणात खड्डा करून नळ जमिनीच्या खाली घेतलाय, त्याला तोटी नाही. पावसात खड्डा भरतो, नळाचं तोंड त्यात बुडतं आणि पाणी बंद झालं की तो खड्डा नळातून मागे शोषला जातो. एका घरचा खड्डा दुसऱ्या घरच्या माठात.

बायकांना हे सगळं ठाऊक आहे. "पहिल्या दोन हंड्यांना वास येतो, मग निवळतं," असं मला त्या दिवसांत किमान पाच जणींनी सांगितलं. पहिले दोन हंडे ओतून द्यायचे, हा त्यांनी काढलेला तोडगा. निवळलेल्या पाण्यातही जंतू असतातच, ते डोळ्याला दिसत नाहीत एवढंच.

मग टीसीएल कुठे होतं? होतं ना. समाजमंदिराच्या खोलीत, पोत्याचं तोंड उघडं, वर खिडकीतून पावसाचे शिंतोडे. मी हात घातला तर ढेकळं लागली. चांगल्या ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडलं की नाकाला झोंबून डोळ्यांत पाणी यायला हवं. या पोत्याला चुन्याचा वास होता. ताज्या पावडरमध्ये साधारण तेहेतीस टक्के क्लोरीन असतो, तो हवा, ओल आणि उजेड लागून उडत जातो. वीस टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर पाण्यात टाकायच्या लायकीची राहत नाही. म्हणून तर तिचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा असतो. आपण वर्षभर पाण्यात इमानेइतबारे चुना टाकला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

जलसुरक्षक दादा, हे तुझ्यावर नाही. तुझं मानधन किती आणि ते किती महिन्यांनी येतं, हे मला माहीत आहे. पण रीत एकदा परत सांगते, कारण तुला ती कुणी हाताला धरून शिकवलेली नाही. हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने पन्नास हजार लिटरच्या टाकीला अडीचशे ग्रॅम. पावडर तशीच टाकीत भिरकावायची नाही. बादलीत कालवायची, दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, चुना तळाशी बसला की वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. मग कमीत कमी अर्धा तास, जमल्यास तासभर थांबायचं आणि त्यानंतर व्हॉल्व्ह उघडायचा. विहिरीत टाकायचं तर पाण्याचा अंदाज डोळ्याने घ्यायचा नाही. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, एवढे लिटर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर सदतीस हजार सहाशे ऐंशी. वाटीभर, मूठभर हे माप स्वयंपाकघरात ठीक आहे.

आणि ओटी टेस्ट टाकीखालच्या तोटीवर घेऊ नको. पावडर चांगली असेल तर तिथे ती पिवळी येणारच. आळीतल्या शेवटच्या घरी घे. क्लोरीनचं काम टाकीत संपत नाही. वाटेत घाण शिरली तर तिच्याशी भांडायला तो शेवटच्या नळापर्यंत थोडा उरला पाहिजे, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम. खालच्या आळीत साथीच्या तिसऱ्या दिवशी मी ओटी टाकली तेव्हा नळीतलं पाणी कोऱ्या कागदासारखं होतं.

तुम्ही म्हणाल, पाण्याच्या सर्वेक्षणात आपल्याला सुरक्षित पाण्याचं हिरवं कार्ड आहे. आहे. ग्रामपंचायत कार्यालयात फ्रेम करून लावलंय, मी बघितलं. पण ते सर्वेक्षण वर्षात दोनदा होतं, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. एप्रिलमध्ये व्हॉल्व्हचा खड्डा कोरडा असतो, गटारीत पाणी नसतं, पाइपही तेव्हा फुटलेला नव्हता. त्या दिवशी ते कार्ड खरंच होतं. ते पाहून जंतू जुलैत माघारी फिरले नाहीत, एवढीच माझी तक्रार.

एवढं पाण्याबद्दल बोलल्यावर एक उलटंही सांगते, नाहीतर पुढच्या वेळी प्रत्येक जुलाबाला नळ जबाबदार धराल आणि खरं कारण निसटेल.

तीन वर्षांपूर्वीचं ते लग्न आठवा. दुपारी दोनच्या पंगतीत बासुंदी झाली आणि संध्याकाळी सहाला मांडवामागे ओकाऱ्यांची रांग लागली. ताप कुणाला नाही, उलट्या जास्त, जुलाब कमी आणि दुसऱ्या दिवशी सगळे उभे. तेव्हाही "पाणी बाधलं" म्हणून टाकी धुतली होती. पाण्यातले जंतू सहसा एवढी घाई करत नाहीत. आधी पोटात जाऊन त्यांना वाढावं लागतं. चार तासांत उलट्या सुरू झाल्या की समजावं, जंतूने विष अन्नातच तयार करून ठेवलं होतं. आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम, तोच हात आटवून कोमट झालेल्या दुधात आणि ते पातेलं उन्हाळ्यात पाच तास झाकून ठेवलेलं. ते विष नंतर उकळी आणली तरी मरत नाही. भाताचंही तेच. सप्ताहात पहाटे शिजवलेल्या भाताचा ढीग सतरंजीवर दुपारपर्यंत गरम राहतो, तोच मुळी जंतूंना हवा असतो. एकादशीच्या भगरीचं तर दरवर्षी पेपरात येतं. ओल लागून बुरशी आलेली भगर आणि दुकानात महिनोन्‌महिने उघडं पडलेलं तिचं पीठ, ही त्यामागची नेहमीची कारणं. म्हणून नियम साधा आहे : जे जेवले तेच आजारी पडले, तर पातेलं बघा. जे नळाचं पाणी प्यायले ते आजारी पडले, तर पाइप बघा.

लहान पोरांचं गणित आणखी वेगळं. "दात येतायत म्हणून ढाळतंय" हे वाक्य मी एकतीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की त्याचे पैसे मिळाले असते तर पेन्शन लागली नसती. दाताने जुलाब होत नाहीत. दात येतात त्याच वयात पोर रांगायला लागतं, दिसेल ते तोंडात घालतं. आईकडून मिळालेलं संरक्षण त्याच सुमाराला ओसरतं आणि वरचं अन्न सुरू होतं. जमिनीवरून तोंडात जे जातं, त्यात शेजारच्या पोराची वाळलेली शीही असते. लहान मुलाची शी म्हणजे घाण नाही, असं आपल्याकडे समजतात. ती अंगणात टाकतात, फार तर वर राख टाकतात. तिच्यात मोठ्या माणसाइतकेच जंतू असतात. दुधाची बाटली हे दुसरं. तिचं बूच रोज उकळणारी आई मला बोटावर मोजण्याइतक्या घरांत दिसली. वाटी-चमचा बरा, तो निदान घासला जातो.

थंडीत ताप आणि उलट्यांनी सुरुवात होऊन जे पोर पाण्यासारखं ढाळतं, त्याला बहुधा रोटाव्हायरस झालेला असतो. पाणी कितीही स्वच्छ असलं तरी हा विषाणू अडत नाही. तो श्रीमंताच्या फिल्टरवाल्या घरातही शिरतो. त्यावर इलाज लशीचा. रोटाव्हायरसचे डोस सरकारी लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आले, महाराष्ट्रात २०१९ मध्ये. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तोंडावाटे देतात, फुकट. पहिली भारतीय लस ज्या विषाणूपासून बनली, तो दिल्लीच्या एम्समध्ये एका नवजात बाळात सापडला होता. हे मी बैठकीत आयांना सांगायचे. आपल्या देशातल्याच एका बाळाकडून आलेलं औषध म्हटलं की त्या थोड्या कमी घाबरायच्या.

मोठ्या माणसांना जुलाब होण्याची आणखी कारणं आहेत : अँटिबायोटिकचा कोर्स, मधुमेहाच्या काही गोळ्या, म्हातारपणी न पचणारं दूध, थायरॉइड. त्यांचा ग्रामपंचायतीशी संबंध नाही, ज्याने त्याने डॉक्टरांकडे जावं. मात्र आव पडत असेल, शौचात रक्त असेल, तर घरगुती काही करू नका, सरळ दवाखाना गाठा.

साथीच्या त्या चार दिवसांत गावात जे चाललं होतं ते बघून मात्र मला रडू आलं. पोरांचं पाणी तोडलं होतं. "पाणी दिलं की परत ढाळतं." आजी-आज्या अजून हेच सांगतात आणि सुना ऐकतात. एका घरात आठ महिन्यांच्या बाळाची टाळू खोल गेली होती, डोळे आत, पोटावर चिमटा घेतला तर कातडी तशीच उभी. घरात टाळूवर तेल भरणं चाललं होतं. ते पोर तालुक्याला नेलं, वाचलं. टाळू वरून बसत नाही हो, आतलं पाणी आटलं म्हणून ती खाली जाते.

१९५९ साली कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं की पटकीचा जंतू आतडं कुरतडत नाही, एक विष सोडतो आणि त्या विषाने आतडं शरीरातलंच पाणी-मीठ बाहेर ओतायला लागतं. माणूस मरतो तो जंतूने नाही, कोरडा पडून. पुढे १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली, लोक जमिनीवर पडलेले आणि सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज आणि मीठ मोजून पुड्या बांधायला लावल्या, पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. तोवर शंभरात तीसच्या आसपास माणसं जात होती, ती तीन-चारवर आली. २०२२ मध्ये ते वारले, मग सरकारने मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. उशिरा का होईना. विज्ञान एवढंच : जुलाब चालू असतानासुद्धा आतडं साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी आत घेतं. नुसतं पाणी तसं शोषलं जात नाही, नुसतं मीठही नाही.

तेच मीठ-साखरेचं पाकीट, ओआरएस, आपल्या आशाताईंच्या पिशवीत पडलेलं असतं आणि लोक पाचशे रुपये देऊन सलाईन लावून घ्यायला रांग लावतात. उलटी थांबत नसेल, पोर सुस्तावलं असेल, पाणी पीतच नसेल, सहा-सात तास लघवी झाली नसेल, तर सलाईन हवंच, वेळ घालवू नका. बाकीच्यांना अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, एकदम. ग्लासभर पाण्यात थोडी पुडी, मग उरलेली उद्या, असं नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि परत द्या. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जेवण बंद करायचं नाही. झिंकची गोळी चौदा दिवस, सहा महिन्यांवरच्या बाळाला वीस मिलिग्रॅमची, त्याहून लहानाला दहाची. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस. जुलाब एकदम थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना द्यायच्या नाहीत. आणि दुकानातले ते संत्र्याच्या चवीचे डबे ओआरएस नव्हेत. त्यांत साखर इतकी असते की जुलाब वाढतील. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावातून ओआरएस हा शब्द काढायला लावला. जुने डबे कुणाच्या फळीवर उरले असतील तर ते बघणं ग्रामपंचायतीला अवघड नाही.

आता नावाबद्दल. आपल्याकडे सगळ्याला "गॅस्ट्रो" म्हणतात. गॅस्ट्रो म्हणजे पोट बिघडलं, इतकंच. त्यातून काहीच कळत नाही आणि कुणाला जाबही द्यावा लागत नाही. पटकी आहे की नाही, हे शौचाचा नमुना प्रयोगशाळेत गेला तरच कळतं, आणि तो अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घ्यावा लागतो. आपल्याकडे नमुने घेतले तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळ्या गेलेल्या होत्या, कारण निरोप प्राथमिक आरोग्य केंद्राला पोचायला दोन दिवस लागले. तो निरोप का लांबला? "बदनामी नको." हे मी स्वतःच्या कानाने ऐकलंय.

बदनामीची भीती असेल तर जुलै २०२२ मधलं मेळघाट आठवा. चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला पटकी झाली, माणसं गेली. पाणीपुरवठ्याची वीज बिलापायी तोडलेली आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते, असं तेव्हा बातम्यांत आलं. जंगलातलं गाव, म्हणून सोडून द्याल. मग जानेवारी २०२५ मधलं पुणं घ्या. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. तिथे जुलाबांवरच थांबलं नाही. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी माणसांचे हातपाय लुळे पडायला लागले. गिलन-बॅरे या आजाराचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि पिण्याच्या पाण्यात क्लोरीन का नाही, हाच प्रश्न तिथेही उभा राहिला. मोठ्या शहरात, मोठमोठ्या सोसायट्यांत. आपली ट्यूब गुंडाळलेली पाइपलाइन त्यांच्यापेक्षा नशीबवान असेल, असं धरून चालायचं का?

मला काय हवंय ते सांगते. देवळामागचा पाइप सॉकेट घालून नीट जोडा आणि गटारीपासून लांब, तिच्यापेक्षा उंचावरून न्या. वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक वाटा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो, तेव्हा पैसे नाहीत हे मला सांगू नका, मी अंदाजपत्रक वाचलंय. खड्ड्यातले नळ वर घ्या आणि तोट्या बसवा. मोटारींवर कारवाई करताना सुरुवात दोन सदस्यांच्या घरापासून होईल, त्याची तयारी ठेवा. टीसीएल झाकणाच्या कोरड्या पिंपात, अंधाऱ्या खोलीत, आणि नमुन्याचा अहवाल फळ्यावर. जलसुरक्षकाचं मानधन दर महिन्याला. आणि रोज सकाळी खालच्या आळीतल्या शेवटच्या घरची ओटी, पिवळी की कोरी, तारखेसकट त्याच फळ्यावर, जिथे सध्या हवामानाचा कागद लागलाय.

तो कागद काढा, अशी माझी पहिली विनंती. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, अशी दुसरी. ग्रामसभेत मी बोलेन, पण मला दोन मिनिटांवर बोलू देत नाहीत हे माहीत असल्यामुळे माझी वही आणि घरांचा नकाशा या पत्रासोबत जोडला आहे. नावं खोडली आहेत, घरं तेवढी ठेवली आहेत.

ओटीची एक बाटली माझ्याकडे आहे, पालखीच्या पथकातल्या पोराने जाताना दिलेली. मुदत संपायला अजून वेळ आहे. येत्या सोमवारी पाणी सुटलं की ओढ्याकडच्या शेवटच्या घराच्या नळापाशी मी उभी असेन, सकाळी साडेसहाला. समितीतल्या कुणीतरी एकाने यावं. येताना रिकामा ग्लास आणा. रंग पिवळा आला तर पहिला घोट मी घेईन. नाही आला, तर तो ग्लास तुमच्या हातात देईन.

आपली,
निवृत्त आरोग्यसेविका,
खालची आळी